बर्फासाठी खिळा किती लांब?

मी गॅरेजात काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्या गाडीचा एसी कसा गार होत नाही ते सांगायला लागतो. बहारीनमधल्या आपल्या मराठी कार्यक्रमांत तर हे ठरलेलंच. पूजेचा प्रसाद हातात पडायच्या आत कोणीतरी साहेब कानाशी येऊन म्हणणार, "वसंतराव, जरा कॉम्प्रेसर बघाल का?" अहो, मी एसीला हात लावत नाही! माझा धंदा वाळूचा. वाळवंटात पळणाऱ्या चारचाकी बाइक, बग्ग्या, त्यांचे टायर, साखळ्या, अॅक्सल, एवढंच माझं राज्य. यंदा व्हिसा कॅन्सल करून मी कायमचा गुहागरला निघालोय, म्हणून आपल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या पोरींनी मला धरलं. "काका, वाळूतल्या गमती लिहून द्या." दोन-चार गमती देतो, पण जी गोष्ट मला खरोखर सांगायचीय ती वाळूची नाही, बर्फाची आहे. आणि बर्फ मी आयुष्यात पाहिला तो फक्त मासळीच्या टोपलीत.

सित्राच्या इंडस्ट्रियल भागात, मआमीर गावाच्या कडेला आमचं वर्कशॉप. मालक अबू युसूफ, आमचा अरबाब. माणूस दिलदार, पण तोंडाने फटकळ. मीही तसाच, त्यामुळे आमचं जमलं. रोज सकाळी तो मला कामावरून काढायचा आणि चहा आला की परत ठेवायचा. उन्हाळ्यात आम्ही दोघं माश्या मारत बसायचो. पण थंडी पडली, साखीरच्या वाळवंटात लोकांचे तंबू उभे राहिले, की मग विचारू नका. इथल्या माणसाला थंडीत घरात चैन पडत नाही. तंबू, जनरेटर, शेकोटी, आणि पोराबाळांना चालवायला चारचाकी बाइक. गुरुवारी दुपारपासून आमच्या दारात पिकअपची रांग लागायची आणि प्रत्येकाचं एकच, "यल्ला, यल्ला, आत्ताच पाहिजे!" हात ग्रीसने बरबटलेले, एका कानाशी फोन, दुसऱ्या कानाशी अबू युसूफच्या शिव्या. ते गुरुवार आठवले की आजही मला छान वाटतं. गुहागरला गुरुवारी मी काय करणार, देव जाणे.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून धंद्याची मुख्य गोष्ट सांगतो. वाळूत साधा टायर जोरात फिरवला की तो स्वतःसाठी खड्डा खणतो आणि त्यात बसतो. म्हणून मागच्या टायरला आडव्या, उभट रबरी पट्ट्या असतात, होडीच्या वल्ह्यासारख्या. त्याला पॅडल म्हणतात. पॅडल वाळू मागे फेकतं आणि गाडी पुढे जाते. आता हे पॅडल किती उंच असावं, इथे सगळी मेख आहे. वाळू मऊ आणि इंजिन दमदार असेल तर उंच पॅडल लावा, गाडी घोड्यासारखी पळेल. इंजिन मरतुकडं असेल तर बुटकं लावा, नाहीतर ते धापा टाकून बसेल.

जुफैरला एक गिऱ्हाईक होतं, रेस्टॉरंट चालवणारा जाडजूड हैदराबादी माणूस. त्याने जुनी, हलकी, पण इंजिनाने भलतीच तगडी बाइक घेतली होती. रोज यायचा आणि म्हणायचा, "वसंतभाई, सबसे बडा लगाओ." मी सांगितलं, बाबा रे, गाडी हलकी आहे, पुढून उचलेल. ऐकतोय कशाला! सासरची माणसं हैदराबादहून आली होती, त्यांच्यापुढे मिरवायचं होतं त्याला. शेवटी दिलं बसवून. त्याने सासऱ्यासमोर अॅक्सिलरेटर पिळला, बाइक मागच्या दोन चाकांवर उभी राहिली, आणि हा गडी धपकन पाठीवर. वाळू होती म्हणून हाडं शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी पातेलंभर बिर्याणी घेऊन हजर. "निकालो भाई, खलास," म्हणाला. आम्ही आधी बिर्याणी खाल्ली, मग टायर बदलले. अबू युसूफ पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट नक्कल करून दाखवायचा, आणि दर वेळी सासऱ्याचं काम मला करावं लागायचं.

असो. आता बर्फाकडे येतो.

आमची एकुलती एक मुलगी तेजश्री, आम्ही तेजू म्हणतो. जिदहफ्सच्या बाजारात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढली, इंग्रजी शाळेत शिकली. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघायचं इंग्रजी. मी विचारायचो, "जेवलीस काय गो?" ती म्हणायची, "येस बाबा, आय एट." वर्कशॉपचं तिला वावडं. मी घरी आलो की नाक मुरडून म्हणायची, "बाबा, प्लीज, फर्स्ट बाथ." मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटायचं. पण पोरगी हुशार. नर्सिंग केलं, कॅनडाला गेली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला वाटलं, मोठ्या शहरात राहील, आपली माणसं भेटतील, यथावकाश लग्न होईल. शहरात दोन वर्षं काढून ही बया निघाली थेट उत्तरेला, एका तळ्याकाठच्या वस्तीत. आरोग्य केंद्र तळ्याच्या एका काठाला, तिचं राहतं घर दुसऱ्या काठाला. उन्हाळ्यात होडीने जायचं, हिवाळ्यात तळं गोठलं की त्याच्यावरून बर्फावरची गाडी चालवत जायचं. सुनंदाने हे ऐकलं आणि चार दिवस तिच्या घशाखाली नीट घास उतरला नाही.

ही गाडी म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद पट्टा, रणगाड्याला असतो तसा गोल फिरणारा. पट्ट्यावर रबराचे दात असतात. ताज्या मऊ बर्फात दात रुततात, गाडी झकास चालते. पण वारा सुटून वरचा भुसभुशीत बर्फ उडून गेला की खाली उरतो नुसता काचेसारखा टणक बर्फ. त्यावर रबराचे दात काय करणार, कपाळ? पट्टा जागेवर गरगरतो आणि गाडी आडवी सरकते. म्हणून तिथले लोक पट्ट्याला भोकं पाडून टोकदार पोलादी खिळे बसवतात. आतल्या बाजूने खिळ्याचं चपटं डोकं, मध्ये रबर, बाहेरून प्लेट आणि नट, आणि पुढे टोक. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला ढिम्म माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो आणि तेजूचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदली रात्र होती. चेहरा उतरलेला.

"बाबा, आय नीड युवर हेल्प. वर्कशॉपवाली हेल्प."

मी हातातला चमचा खाली ठेवला. अख्ख्या आयुष्यात या मुलीने माझ्या धंद्यातलं मला काही विचारलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. दोन दिवसांपूर्वी केंद्रातून परत येताना तिची गाडी तळ्याच्या मधोमध आडवी झाली आणि सरकत सरकत काठावरच्या खडकांपर्यंत गेली. खडकाला टेकायच्या जरा आधी थांबली. तिला काही लागलं नाही. गावात मेकॅनिक नाही, तो विमानाने येतो आणि आता नाताळानंतरच येणार. खिळे मागवता येतात, शेजारचे आजोबा बसवायला मदत करणार आहेत, पण त्यांनी आजवर स्वतः कधी निवडले नाहीत. आणि दुकानवाला विचारतोय, लांबी किती देऊ?

"आणि बाबा, मंथ-एंडला माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय. इफ द मशीन कान्ट बी सेफ, आय वोन्ट साइन. मी सिटीत परत जाईन. सो टेल मी स्ट्रेट. होईल की नाही? आणि कुठली लेंग्थ?"

माझी छाती अशी फुगली म्हणता! मी लगेच विचारलं, "इंजिन कसलं आहे? दमदार आहे?"

"व्हेरी."

"मग सगळ्यात लांब घे."

वाळवंटातला माणूस दुसरं काय सांगणार? इंजिन दमदार, जमीन घसरडी, म्हणजे लांब. ती म्हणाली, "शुअर?" मी म्हणालो, "अगं, तुझा बाप हेच करतो तीस वर्षं." ती म्हणाली, दोन दिवसांत ऑर्डर देते. फोन बंद झाला.

सुनंदा समोरच बसली होती. तिच्या ताटलीतले पोहे तसेच.

"काय हो," ती म्हणाली, "होत नाही म्हणून सांगितलं असतं तर?"

"काय होत नाही?"

"खिळे. त्या गाडीला खिळे बसत नाहीत म्हणायचं. तीच म्हणाली ना, सेफ नसेल तर शहरात परत येईन म्हणून? मग? एक शब्द बोलायचा होता तुम्हाला. तोंड झिजलं असतं काय तुमचं?"

"अगं, खोटं कसं सांगू तिला?"

"माझी पोर त्या बर्फावरून घसरत खडकापर्यंत गेली. तुम्हाला खोट्याची पडलीय!"

खरं सांगतो, ती बोलली त्यात चुकीचं काय होतं? मलाही पोर जवळ हवी होती. शहर म्हणजे काही बहारीन नव्हे, पण तिथे निदान डांबरी रस्ता तरी आहे. मी चपला घातल्या आणि सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपला गेलो. चिडलो की मी तिथेच जातो.

अबू युसूफही तिथेच होता, कारण त्याचंही घरी कोणाशी तरी वाजलं होतं. मी त्याला सगळी हकिगत सांगितली आणि वर अभिमानाने म्हणालो, "लंबावाला बोल दिया."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. "वसंत, तुम पागल है? रमल भागता है, इसलिए लंबा पॅडल मांगता. बर्फ किधर भागेगा?"

रमल म्हणजे वाळू. च्यायला, खरंच की! वाळू सुटी असते, पाठीमागे फेकावी लागते, म्हणून उंच पॅडल. बर्फ तर दगड. त्याला नुसतं टोचायचं. मग लांब खिळ्याचा उपयोग काय? की अपायच आहे? आम्हा दोघांना माहीत नव्हतं. दोघांनी मिळूनसुद्धा आयुष्यात गोठलेलं डबकं पाहिलेलं नव्हतं.

"करके देखेगा," अबू युसूफ म्हणाला. "बर्फ मैं लाता."

आणि गेला की पिकअप घेऊन! कोळ्यांच्या धक्क्याजवळ बर्फाचा कारखाना आहे, बोटींना मासळीसाठी तिथून लाद्या जातात. तासाभरात दोन मोठ्या लाद्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. तोवर मी तेजूला फोन केला. ती जागीच होती. म्हणालो, ऑर्डर देऊ नकोस, थांब, आधी पट्ट्याचे दात मोजून सांग. तिने मोजले. एक इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्ही जुने लोक सुताशिवाय बोलत नाही. मी जुन्या कन्व्हेअरच्या रबराची पट्टी घेतली, तिला पॅडलच्या रबरातून कापलेले तेवढ्याच उंचीचे दात ठोकले, आणि वेगवेगळ्या लांबीच्या बोल्टांना ग्राइंडरवर टोकं काढून त्यात बसवले. पट्टी लादीवर ठेवली, वर फळी टाकली. फळीवर वजन हवं होतं. अबू युसूफने आजूबाजूला पाहिलं, पांढरा स्वच्छ झगा सावरला आणि स्वतःच फळीवर बसला.

मी साखळीने ओढायला सुरुवात केली. मआमीरच्या शेजारी, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, एक बहारीनी शेठ बर्फाच्या लादीवर मांडी घालून बसलाय आणि एक गुहागरकर त्याला ओढतोय, असं ते दृश्य. रस्त्याने जाणारा एक ट्रकवाला गाडी थांबवून बघत बसला.

पण त्या लाद्यांनी मला सगळं शिकवलं. आधी दातांच्या बरोबरीचा खिळा लावला. तो बर्फाला टेकलाच नाही. वजन सगळं रबरावर, फळी सुळकन घसरली आणि अबू युसूफ कलंडला. मग सगळ्यात लांब लावला. त्याने टोचलं खरं, पण लांब असल्यामुळे तो तिरका झाला आणि रबराला मुळाशी फाडायला लागला. चार-पाच ओढण्यांत भोक इतकं मोठं झालं की बोट जाईल. म्हणजे मी सांगितलेले खिळे तेजूने बसवले असते, तर पट्टा तळ्याच्या मध्ये कधीतरी फाटला असता. मग एकेक कमी करत आलो. दातापेक्षा अडीच-तीन सूत वर येणारा खिळा लावला, आणि फळी जागची हलेना! मी साखळी ओढतोय, खिळे बर्फाला धरून, आणि वर अबू युसूफ ओरडतोय, "मफी! मफी! नहीं जाता!" त्याचा झगा मागून पुरता भिजला होता. आम्ही दोघं इतके हसलो की शेवटी मी खालीच बसलो.

घरी मात्र हसू नव्हतं. सुनंदाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लांब सांगितलेत ते चुकीचं होतं?"

"होय."

"मग आता चुकलं म्हणा, आणि होत नाही म्हणा. देवानेच तोंडात घास दिलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेजूचा फोन. यावेळी सुनंदा माझ्या शेजारीच बसली, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशी. मी तेजूला म्हणालो, गाडी आडवी करून मला पोट दाखव. शेजारच्या आजोबांनी आणि तिने मिळून गाडी एका कुशीवर कलंडवली. मी बघतोय तर काय, पट्ट्याच्या अगदी वर, गाडीच्या पोटाच्या छताला रेडिएटर! पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने इंजिनाचं पाणी गार व्हावं म्हणून त्यांनी तो तिथे लावलेला असतो. खिळा त्याला लागला तर रेडिएटर फाटणार, पाणी जाणार, आणि गाडी तळ्यात बंद पडणार. मधली जागा फारच कमी दिसत होती.

सुनंदाने माझ्या मांडीला चिमटा काढला. तिला रेडिएटर कळत नाही, पण माझा चेहरा कळतो.

मला इथे खोटं बोलायचीही गरज नव्हती. "जागा कमी आहे बेटा, धोका आहे" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते अर्धं खरंच होतं. तेजूने माझं ऐकलं असतं, आठवड्यात बॅग भरली असती, आणि सुनंदाने गणपतीला नारळ फोडला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. दोनदा आलं.

"बाबा? यू देअर?"

"तेजू," मी म्हणालो, "पट्ट्याच्या दाताच्या टोकावर बोट आडवं ठेव. आणि आता सांग, बोटाच्या वर आणि रेडिएटरच्या खाली जागा राहते काय?"

तिने हातमोजा काढला आणि बोट आत घातलं. पडद्यावर तिचं ते बोट दिसलं. नखाखाली काळं ग्रीस, सांध्यापाशी खरचटलेलं. पोरीने सकाळपासून काय काय उचकटलं होतं कोण जाणे. लहानपणी हेच बोट धरून तिला मी बाजारात न्यायचो, आणि ती माझ्या बोटांकडे बघून "डर्टी" म्हणायची.

"राहते, बाबा. देअर इज स्पेस. अजून एक बोट जाईल."

मग मला खोटं बोलवेना. "तर मग होतं," मी म्हणालो. "नीट होतं. ऐक, लिहून घे." दातापेक्षा अडीच सूत जास्त, त्याहून लांब दुकानवाल्याने फुकट दिला तरी घ्यायचा नाही. छताला रेडिएटर वाचवणाऱ्या पट्ट्या मिळतात काय ते विचार, आणि मिळत नसतील तर खिळे बसवायचेच नाहीत. खिळे एकामागे एक सरळ रांगेत लावायचे नाहीत, कारण मग मागचा पुढच्याच्या ओरखड्यात फिरतो आणि काही धरत नाही. प्रत्येकाची जागा जराजरा सरकव. आणि पुढच्या स्कीखालची धारदार पट्टीही बदल. मागचं धरतंय आणि पुढचं धरत नाही, असं झालं तर गाडी वळणारच नाही, सरळ जाईल. हे मात्र मला वाळूनेच शिकवलेलं, ते बर्फालाही लागू पडलं.

"थँक यू, बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "तुम्हाला सगळं येतं."

कॉल संपायच्या आत सुनंदा उठून आत गेली. तो आठवडा ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. डबा भरायची, चहा द्यायची, बस्स. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असतो तर डबाही दिला नसता.

खिळे आले. बसवले. ज्या दिवशी तेजू पहिल्यांदा तळं ओलांडणार होती, त्या दिवशी मी वर्कशॉपला गेलोच नाही. अबू युसूफने चारदा फोन करून विचारलं, "लडकी पहुंचा?" पाचव्यांदा मीच चिडून म्हणालो, "पहुंचेगा तो बोलेगा ना, इंशाल्ला!" सुनंदा देवासमोर बसून होती. शेवटी मेसेज आला. एक फोटो. मागे पांढरं सपाट तळं, त्यावर गाडीच्या पट्ट्याचा एकच सरळ माग, आणि खाली लिहिलेलं, "स्ट्रेट ऑल द वे." सुनंदाने फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ ती त्या मागावर बोट फिरवत राहिली, कुठे आडवा झालाय काय ते शोधत. झाला नव्हता. मग ती माझ्याशी बोलायला लागली.

महिनाअखेरीला तेजूने सही केली.

आता मी निघालोय, तर गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गप्पा मारता मारता म्हणाली, पलीकडच्या शाळेतली बाई तिची गाडी घेऊन आली होती, खिळ्यांची लांबी विचारायला. त्याच्या आधी पोस्टातला माणूस येऊन गेला. आता कोणीही येतं, म्हणाली, रविवारी तर दारात रांगच असते.

"मग तू काय सांगतेस?" मी विचारलं.

"अगोदर दात मोजा म्हणते. मग पोट दाखवा म्हणते." आणि हसली.

"बरोबर सांगतेस," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मला माझेच दिवस आठवले. मी बहारीनला आलो तो दोन वर्षांसाठी. कर्ज फेडायचं, घरावर कौलं घालायची आणि परत, असं ठरलेलं. मग मआमीरची पोरं बाइक घेऊन यायला लागली. आमच्या दुकानाचं नाव कोणी घेईना, "वसंत किधर है?" म्हणून विचारायला लागली. माणूस पगारामुळे राहत नाही हो. लोक दारात येऊन आपल्याला नावाने हाक मारायला लागले की मग पाय निघत नाही.

सुनंदाला म्हणालो, "ती आता परत यायची नाही गं."

ती गव्हातले खडे निवडत होती. तिने हात थांबवला नाही. सगळं ताट निवडून झालं, खडे बाजूला टाकले, आणि मग म्हणाली, "तिच्याकडे जायच्या व्हिसाला काय काय कागद लागतात, ते विचारा कोणाला तरी."